'बरोबर' कळल्याशिवाय समीकरण सुटणार नाही

दरवर्षी शालान्त परीक्षेचा निकाल लागला, की महाराष्ट्राला गणित या विषयाची आठवण होते. कोणी अभ्यासक्रमाच्या ओझ्याला दोष देतो, कोणी शिक्षकांच्या रिक्त जागांकडे बोट दाखवितो, तर कोणी मुलांच्या हातातील मोबाइलला जबाबदार धरतो. अकरावीच्या प्रवेशाची धांदल सुरू झाली, की ही चर्चा आपोआप विरते आणि पुढील निकालापर्यंत कोणाला तिचे स्मरण राहत नाही. या कारणांत तथ्य नाही, असे नाही. परंतु दहावीच्या उत्तरपत्रिकेत जे अपयश दिसते, त्याचा जन्म दहावीत झालेला नसतो. तो तीन-चार वर्षे आधी, सहावी-सातवीच्या वर्गात, मुलाच्या वहीत अंक आणि अक्षर प्रथमच एका ओळीत आले त्या दिवसांत झालेला असतो. थोडे अधिक खोल गेल्यास असे आढळते, की त्याचे मूळ पहिली-दुसरीतच, दोन आडव्या रेघांच्या एका साध्या चिन्हाच्या चुकीच्या आकलनात असते. ते चिन्ह म्हणजे बरोबरचे चिन्ह.

अर्थशास्त्र शिकविणाऱ्याने शालेय बीजगणिताची उठाठेव का करावी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर महाविद्यालयाच्या प्रथम वर्षाच्या वर्गात मिळते. मागणी आणि पुरवठा यांच्या समतोलाची व्याख्या विद्यार्थी बिनचूक सांगतात. दोन वक्र काढून ते कोठे छेदतात तेही दाखवितात. परंतु मागणी '१०० − २ × किंमत' इतकी आणि पुरवठा '१० + ४ × किंमत' इतका असेल, तर समतोल किंमत किती, असे विचारले की अनेकांच्या लेखण्या थांबतात. दोन्ही राशी समान मानायच्या. म्हणजे किंमतीची सहापट ९० इतकी होते आणि किंमत १५ रुपये येते. हे काम आठवीचे आहे. ज्यांना ते जमत नाही ते विद्यार्थी मंद नसतात. त्यांच्यापैकी कित्येक जण घरच्या दुकानाचा हिशेब तोंडी करतात. त्यांना अडविते ते अर्थशास्त्र नव्हे. आठवीची वही त्यांना अडविते. हीच भिंत तंत्रनिकेतनाच्या, वाणिज्य शाखेच्या, संगणकाच्या आणि स्पर्धा परीक्षांच्या वाटेवरही उभी असते.

शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. सहा ते चौदा वयोगटातील प्रत्येक मूल शाळेत असावे, हे त्यामुळे राज्याचे कर्तव्य ठरले. याचा एक परिणाम फारसा लक्षात घेतला जात नाही. एके काळी पुढे शिकणाऱ्या मोजक्या मुलांपुरते असलेले बीजगणित आता शेतमजुराच्या, हमालाच्या, घरकाम करणाऱ्या बाईच्या मुलापर्यंत पोहोचले आहे. बालभारतीच्या २०१६ सालच्या सहावीच्या पुस्तकात समीकरणांचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यापुढच्या पुस्तकांत सातवीला बैजिक राशी आणि आठवीला एका चलातील समीकरणे येतात. पुस्तक सर्वांच्या दप्तरात पोहोचले. अर्थ मात्र सर्वांपर्यंत पोहोचला नाही. ऐपत असलेल्या घरात ही उणीव शिकवणीच्या पैशाने भरून काढली जाते. जेथे ऐपत नाही तेथे मूल 'गणित आपल्यासाठी नाही' असा निष्कर्ष काढून मोकळे होते. विषमता कारखान्यात आणि बाजारात निर्माण होते, असे आम्ही अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवितो. ती तेराव्या वर्षी, गणिताच्या तासालाही निर्माण होत असते.

चिन्ह नव्हे, हुकूम

वाचकांनी आपल्या घरातील पाचवी-सहावीच्या मुलाला एक साधा प्रश्न घालून पाहावा. कागदावर ८ + ४ = □ + ५ असे लिहावे आणि चौकटीत कोणती संख्या येईल ते विचारावे. पुष्कळ मुले १२ लिहितील. काही मुले समोर दिसतील त्या सर्व संख्यांची बेरीज करून १७ लिहितील. योग्य उत्तर ७ आहे, हे ऐकून त्यांना आश्चर्य वाटेल. हा आपल्याच मुलांचा दोष आहे, असे मानण्याचे कारण नाही. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात हाच प्रश्न सहावीच्या १४५ मुलांना विचारण्यात आला होता. त्यांच्यापैकी एकानेही ७ हे उत्तर दिले नाही. त्याआधी, १९८१ साली, कॅनडातील संशोधक कॅरोलिन किरन यांनी हा प्रश्न सविस्तर मांडला होता. बरोबरचे चिन्ह मुलांना दोन राशींमधील नाते वाटत नाही. 'आता काहीतरी करा आणि उत्तर लिहा' असा हुकूम वाटते, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा होता.

असे का होते, हे समजणे कठीण नाही. पहिलीपासून मूल जी हजारो उदाहरणे सोडविते, त्यांत डावीकडे क्रिया असते, मध्ये बरोबरचे चिन्ह असते आणि उजवीकडे रिकामी जागा असते. गणकयंत्रावरही ते बटण दाबले, की उत्तर येते. मराठीत तर एक वेगळीच गंमत आहे. आपल्या भाषेत 'बरोबर' या शब्दाचे दोन अर्थ रोजच्या वापरातले आहेत. 'दोन्ही पारडी बरोबर आहेत' असे वाणी म्हणतो, तेव्हा त्याला समान असे म्हणायचे असते. 'तुझे उत्तर बरोबर आहे' असे गुरुजी म्हणतात, तेव्हा त्यांना अचूक असे म्हणायचे असते. शाळेत मुलाच्या कानावर दुसरा अर्थ अधिक पडतो. साहजिकच, ज्याच्यावर गुरुजी लाल पेनाने खूण करतील ते, बरोबरच्या पुढे लिहायचे असते, अशी त्याची समजूत होते.

ही समजूत मोठ्यांच्या लेखनातही डोकावते. पाच आणि तीन आठ, आठाची दुप्पट सोळा, त्यातून चार गेले बारा; हा हिशेब आपण बिलाच्या पाठीवर '५ + ३ = ८ × २ = १६ − ४ = १२' असा लिहून मोकळे होतो. फळ्यावरही घाईत असे लिहिले जाते. उत्तर खरे आहे, पण लिहिलेले वाक्य खोटे आहे; कारण पाच अधिक तीन म्हणजे काही बारा नव्हेत. अंकगणितात हे खपून जाते. बीजगणितात त्याची किंमत मोजावी लागते. '३क्ष + ७ = २२' हे समीकरण समोर आले, की या समजुतीचे मूल गोंधळते, कारण त्याच्या मते उत्तर तर आधीच लिहिलेले आहे. तेच समीकरण '२२ = ३क्ष + ७' असे लिहिले, तर ते त्याला उलटे वाटते. आणि '५क्ष + ३ = ३क्ष + ११' असे आले, तर दोन प्रश्न आहेत आणि उत्तर कोठेच नाही, असे त्याला वाटते.

ही मर्यादा मुलांच्या बुद्धीची नसून शिकविण्याची आहे, याला पुरावा आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासात अशाच प्रकारच्या प्रश्नांना चीनमधील सहावीच्या जवळजवळ सर्व मुलांनी योग्य उत्तरे दिली. अमेरिकेतील एक तृतीयांश मुलांनाही ती देता आली नाहीत. चिनी पुस्तकांत हे चिन्ह सुरुवातीलाच 'पेक्षा लहान' आणि 'पेक्षा मोठे' या चिन्हांच्या सोबतीने, तुलनेसाठी येते, हे त्या फरकाचे एक कारण अभ्यासकांनी दिले. हे चिन्ह १५५७ साली ज्याने छापील ग्रंथात प्रथम वापरले, त्या रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्समधील गणितज्ञाने एकाच लांबीच्या दोन समांतर रेघा मुद्दाम निवडल्या होत्या. त्या दोन रेघांइतक्या समान दोन गोष्टी आणखी कोणत्या असणार, असा त्याचा विचार होता. म्हणजे चिन्हाचा अर्थ त्याच्या आकारातच आहे. आपण तो मुलांना सांगत नाही, एवढेच.

अक्षराचे गूढ

दुसरी अडचण अक्षराची. जुन्या पुस्तकांत 'क्ष मानू' असे असे. आता त्याच्या जागी रोमन लिपीतील एक्स आला आहे. अक्षर कोणतेही असो, ते संख्येच्या जागी उभे आहे, हे मुलाला उमगावे लागते. येथे शिक्षकांचा सदिच्छेने केलेला एक सोपेपणा घात करतो. '३आ + ४के' म्हणजे तीन आंबे आणि चार केळी, असे सांगितले जाते. त्यामुळे बेरीज का होत नाही ते मुलाला तात्पुरते पटते. परंतु 'आ' म्हणजे आंबा, अशी गाठ मनात बसते. अक्षर ही वस्तू होते, संख्या राहत नाही. इंग्लंडमध्ये १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात डिटमार क्युखेमान यांनी शाळकरी मुलांचा अभ्यास करून अक्षराकडे पाहण्याच्या निरनिराळ्या पायऱ्या दाखविल्या. अक्षराला वस्तू समजणे ही त्यांतील एक खालची पायरी होय.

या गैरसमजाचे आयुष्य दीर्घ असते. एखाद्या शाळेत प्रत्येक शिक्षकामागे तीस विद्यार्थी आहेत, हे समीकरणात लिहा म्हटले, तर चांगले शिकलेले लोकही '३०वि = शि' असे लिहून जातात. तीस विद्यार्थी, एक शिक्षक, या शब्दांच्या क्रमाने त्यांची लेखणी चालते. वस्तुतः 'वि' म्हणजे विद्यार्थ्यांची संख्या आणि 'शि' म्हणजे शिक्षकांची संख्या, हे ध्यानात ठेवले तर शिक्षकांच्या संख्येला तीसने गुणावे लागेल, म्हणजेच 'वि = ३०शि' असे लिहावे लागेल. अमेरिकेत १९८०च्या सुमारास याच धर्तीचा प्रश्न अभियांत्रिकीच्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारला असता एक तृतीयांशाहून अधिक जणांनी तो चुकविला. अभियंता होऊ घातलेल्यांची ही स्थिती असेल, तर बारा वर्षांच्या मुलीला दोष देण्यात काय अर्थ आहे?

नियमाची घाई

तिसरी अडचण आपण स्वतः निर्माण केलेली आहे. 'बाजू बदलली की चिन्ह बदलते' हे वाक्य महाराष्ट्रातील बहुतेक प्रत्येक शिकलेल्या माणसाला पाठ आहे. नियम खोटा नाही. परंतु तो का खरा आहे हे कळण्यापूर्वी हाती दिला, तर तो मंत्रासारखा वापरला जातो. मग '३क्ष = १२' या समीकरणातील तीन पलीकडे जाऊन उणे होतात आणि 'क्ष = १२ − ३ = ९' असे उत्तर येते. मुलाने नियम पाळलेला असतो. त्याला आपले काय चुकले ते कळत नाही. खरे पाहता संख्या कोठेही जात नाही. दोन समान राशींतून आपण सारखेच काढून घेतो, किंवा दोहोंना सारख्याच संख्येने भागतो, म्हणून त्या समान राहतात. एवढेच घडते. 'बाजू बदलणे' हा त्या क्रियेचा संक्षेप आहे. आणि संक्षेप त्यालाच शोभतो, ज्याने मूळ वाचले आहे.

चिन्हांच्या बाबतीत आपल्याकडेच झालेले एक काम येथे नमूद केले पाहिजे. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील राखी बॅनर्जी आणि के. सुब्रमण्यम यांनी सहावीच्या मुलांना बीजगणिताच्या उंबरठ्यावर आणण्याची एक पद्धत अनेक टप्प्यांत तपासून विकसित केली आणि २०१२ साली ती सविस्तर मांडली. तिचा आधार 'पद' ही साधी कल्पना आहे. '१९ − ३ + ६' हे उदाहरण पुष्कळ मुले ३ आणि ६ यांची बेरीज आधी करून १९ − ९ = १० असे सोडवितात. परंतु प्रत्येक संख्येला तिच्या मागच्या चिन्हासह एक पद मानले, म्हणजे +१९, −३ आणि +६ अशी तीन पदे पाहिली, तर ती कोणत्याही क्रमाने घेतली तरी उत्तर २२च येते. ज्या मुलाला अंकांतील राशीची घडण अशी दिसू लागते, त्याला अक्षरांतील राशी परकी वाटत नाही. अशी कामे शोधनिबंधांतून निघून शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गांत किती पोहोचतात, हा प्रश्न आपण शिक्षण खात्याला विचारला पाहिजे.

भास्कराचार्यांचे घोडे

वास्तविक, या विषयात आपल्याला परक्याच्या दारी जाण्याची गरज नाही. ११५० साली 'सिद्धान्तशिरोमणी' रचणाऱ्या भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे, म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने स्थापिलेल्या मठाला १२०७ साली देणगी मिळाल्याची नोंद चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला. भास्कराचार्यांचा अभिमान आपण बाळगतो. पण त्यांच्या शिकविण्यातील क्रम मात्र आपण वर्गात आणीत नाही.

त्यांच्या 'लीलावती'त अव्यक्त राशीच्या गणिताआधीच दोन रीती येतात. एक इष्टकर्म. यात सोईची एखादी संख्या उत्तर म्हणून मानायची, तिच्यावर प्रश्नातील क्रिया करून पाहायच्या आणि येणाऱ्या फळावरून खऱ्या संख्येकडे जायचे. दुसरी व्यस्तविधी, म्हणजे शेवटाकडून उलट्या क्रमाने मागे येण्याची रीत. सहावीच्या मुलासाठी हे दोन्ही रस्ते अत्यंत उपयोगाचे आहेत. '३क्ष + ७ = २२' यात क्षच्या जागी आधी ४ घालून पाहू द्यावे; १९ येतात, कमी पडतात. ६ घालून पाहू द्यावे. २५ येतात, जास्त होतात. ५ घातले की २२ येतात. असा अंदाज घेण्यात कमीपणा काही नाही. त्यातून अक्षर म्हणजे संख्या आणि समीकरणाची उकल म्हणजे दोन्ही बाजू समान करणारी संख्या, या दोन गोष्टी मुलाला व्याख्येशिवाय कळतात. त्यानंतर उलट रीत: तिप्पट करून सात मिळविले होते, तर आधी सात काढा, मग तीनने भागा. पायात आधी मोजे आणि मग बूट घातले असतील, तर काढताना आधी बूट काढावे लागतात. हे मुलाला कोणी शिकवावे लागत नाही.

या रस्त्यांची मर्यादा मात्र लवकरच येते. अव्यक्त राशी दोन्ही बाजूंना असली, की मागे कोठून यायचे ते कळत नाही. मेक्सिकोतील फिलॉय आणि रोहानो यांनी १९८९ साली दाखविले, की अंकगणित संपून बीजगणित सुरू होते ते नेमके येथेच. आणि मुले अडखळतात तीही येथेच. भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'तील घोड्यांचे प्रसिद्ध उदाहरण नेमके याच ठिकाणचे आहे. एका माणसाजवळ ३०० रुपये आणि सहा घोडे आहेत. दुसऱ्याजवळ तसेच दहा घोडे आहेत, पण त्याच्यावर १०० रुपयांचे कर्ज आहे. दोघांची संपत्ती सारखी आहे. तर एका घोड्याची किंमत काय?

हे उदाहरण गोष्टीसारखे सोडविता येते. दोघांचेही सहा-सहा घोडे बाजूला बांधून ठेवू. संपत्ती अजूनही सारखीच आहे. आता पहिल्याजवळ ३०० रुपये उरले आणि दुसऱ्याजवळ चार घोडे व १०० रुपयांचे कर्ज. दोघांनाही शंभर-शंभर रुपये देऊ. दुसऱ्याचे कर्ज फिटले. त्याच्याजवळ निव्वळ चार घोडे राहिले. पहिल्याजवळ ४०० रुपये झाले. म्हणून घोडा १०० रुपयांचा. पडताळा पाहावा: सहा घोड्यांचे ६०० आणि ३०० मिळून ९००, दहा घोड्यांचे १००० वजा १०० म्हणजेही ९००. या गोष्टीत कोणतीही संख्या 'पलीकडे' गेली नाही, कोणाचे चिन्ह जादूने बदलले नाही. दोघांना सारखेच दिले आणि दोघांकडून सारखेच घेतले. हेच फळ्यावर '६क्ष + ३०० = १०क्ष − १००' असे लिहून, प्रत्येक पायरीसमोर गोष्टीतील कृती लिहिली, की 'बाजू बदलण्या'चा नियम मुलांना स्वतःच सापडतो.

येथे एक मुद्दा विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. समीकरण म्हणजे तराजू, हा दृष्टान्त चांगला आहे आणि सुरुवातीस तो वापरलाच पाहिजे. परंतु तराजूच्या पारड्यात उणे शंभर ठेवता येत नाहीत. तेथे तराजू थांबतो आणि जमाखर्चाची वही पुढे येते. ब्रह्मगुप्ताने ६२८ सालच्या ग्रंथात धन आणि ऋण यांचे नियम सांगितले ते संपत्ती आणि कर्ज याच शब्दांनी. कर्ज म्हणजे काय, हे महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या मुलाला समजावून सांगावे लागते काय? ज्या अनुभवाने त्याचे घर वाकलेले असते, तोच अनुभव त्याला ऋण संख्या समजण्यासाठी उपयोगी पडू शकतो. त्याच ग्रंथपरंपरेत अव्यक्त राशीला 'यावत्तावत्', म्हणजे जितके असेल तितके, असे नाव आहे. ती राशी संख्या आहे, हे त्या नावातच सांगून टाकले आहे.

वर्गात काय बदलावे?

यातून काही साध्या सूचना निघतात. पहिली, बरोबरचे चिन्ह वाचताना आरंभीच्या इयत्तांत 'इतकेच' हा शब्द वापरावा. 'आठ अधिक चार हे सात अधिक पाच इतकेच' असे वाक्य मुलाच्या तोंडी बसले, की चिन्हाचा अर्थ त्यात आपोआप येतो. त्याचबरोबर '१२ = ८ + ४', '७ = ७', '९ + ६ = १० + ५' अशी वाक्ये देऊन ती खरी की खोटी, ते विचारावे. दुसरी, समीकरणाच्या प्रकरणाची सुरुवात अंदाज आणि उलट रीत यांनी करावी आणि 'बाजू बदला' हा संक्षेप सर्वांत शेवटी द्यावा. तिसरी, शाब्दिक उदाहरणावरून समीकरण मांडण्याइतकेच, समीकरणावरून गोष्ट रचण्याचे काम द्यावे. '२क्ष + ५ = ४५' याची गोष्ट जी मुलगी दोन वह्या आणि पाच रुपयांची पेन्सिल अशी सांगते, तिला क्ष म्हणजे वही नसून वहीची किंमत आहे, हेही सांगता आले पाहिजे. चौथी, परीक्षेत 'पुढील रीतीत कोठे चूक झाली ते शोधा' असा एक तरी प्रश्न असावा. परीक्षेत जे विचारले जाते तेच वर्गात शिकविले जाते, हा आपल्याकडील अनुभव आहे.

यांपैकी एकाही सूचनेला अनुदान लागत नाही, इमारत लागत नाही, यंत्र लागत नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर इतक्या अल्प खर्चात इतके दीर्घकालीन फळ देणारी गुंतवणूक क्वचितच आढळेल.

यावर तीन आक्षेप घेतले जातील. पहिला असा, की साठ मुलांच्या वर्गात आणि भाग पुरा करण्याच्या दडपणाखाली शिक्षकाला एवढी सवड कोठून मिळणार? हे दडपण खरे आहे आणि त्याची थट्टा करण्याचा अधिकार महाविद्यालयात शिकविणाऱ्यांना नाही. परंतु सहावीत वाचविलेले चार तास नववीत चाळीस तासांनी फेडावे लागतात, तेही बहुधा वाया जातात. दुसरा आक्षेप, अर्थाच्या नादात सराव मागे पडेल. हा आक्षेप गंभीर आहे. 'असर'च्या पाहणीत ग्रामीण भारतातील आठवीच्या निम्म्याहून कमी मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता येते, असे वर्षानुवर्षे दिसत आले आहे. ज्याला भागाकार येत नाही त्याला '७क्ष = ९१' सुटणार नाही, मग तराजू दाखवा की घोडे. पाढे हवेतच. प्रश्न पाढे की अर्थ असा नसून, पाढे आले तरी समीकरण का येत नाही, असा आहे.

तिसरा आक्षेप नव्या काळाचा आहे. मोबाइलचा कॅमेरा समीकरणावर धरला, की उत्तर रीतीसह पडद्यावर येते. मग हा खटाटोप कशाला? माझ्या मते या यंत्राने उलट बाजूच बळकट केली आहे. निव्वळ उत्तर काढण्याचे काम यंत्र करू लागले, तेव्हा परिस्थितीवरून समीकरण मांडणे आणि आलेल्या उत्तराचा खरेपणा तपासणे, ही दोनच कामे माणसाकडे उरली. कर्जाचा हप्ता, विजेचे बिल, विम्याची आकर्षक जाहिरात यांच्या मागे कोणते समीकरण आहे, हे ज्याला कळत नाही, त्याच्यासाठी यंत्राचे उत्तर आणि सावकाराचे उत्तर यांत काही फरक नाही.

२०१९ साली दुसरीच्या पुस्तकात 'पंचवीस' म्हणावे की 'वीस पाच', यावरून महाराष्ट्रात घरोघर वाद झाला. तो वाद कोणत्याही बाजूने केला असो, एका गोष्टीची साक्ष त्याने दिली: गणिताचे शब्द हा आपल्याला जिव्हाळ्याचा विषय वाटतो. त्या जिव्हाळ्याचा थोडा अंश आता 'बरोबर' या शब्दाच्या वाट्याला यावा.

कारण येथे केवळ गुणांचा प्रश्न नाही. समीकरणाचा एक गुण शाळेतील दुसऱ्या फारच थोड्या गोष्टींत आहे. आलेले उत्तर मूळ समीकरणात घालून दोन्ही बाजू समान येतात की नाही, हे मूल स्वतः पाहू शकते. त्याला पुस्तकाची मागची पाने उलटावी लागत नाहीत, गुरुजींच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही, वर्गातील हुशार मुलाची वही डोकावून पाहावी लागत नाही. पडताळ्याची ती एक ओळ आपल्याकडे जागा आणि वेळ वाचविण्यासाठी गाळली जाते. वस्तुतः साऱ्या उदाहरणातील सर्वांत मोलाची ओळ तीच होय. कोणीतरी वरून सांगितले म्हणून नव्हे, तर दोन्ही बाजू स्वतः तोलून पाहिल्या म्हणून एखादी गोष्ट मान्य करावयाची, ही सवय ज्या समाजातील तेरा वर्षांच्या मुलांना लागते, त्या समाजाला पुढे पुष्कळ गोष्टी वेगळ्या शिकवाव्या लागत नाहीत.